दिवाळीला का येत नाही

सम, जैसलमेर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, परवा तू विचारलंस, "त्या माळढोक पक्ष्यांपायी दिवाळी चुकवतेस?" तेवढ्यात रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं.

आम्ही विजेच्या तारांखालून ठरलेल्या पट्ट्यात चालतो, मेलेले पक्षी शोधत. एक फेरी चुकली तर पुढच्या वेळी भरून काढता येत नाही, कारण कुत्री-कोल्हे चार दिवसांत सगळं ओढून नेतात. मग कागदावर दिसतं की त्या महिन्यात काहीच मेलं नाही. आता तर थंडीचे पाहुणे पक्षीही उतरू लागलेत.

काल सेवण गवतात लांबून तपकिरी पिसं दिसली आणि पायातलं बळच गेलं. जवळ गेले तर गिधाड. एक पंख मुळापासून तुटलेला, नखांत गवताची काडी. माळढोक नाही म्हणून हायसं वाटलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. गिधाडं तरी कुठे उरलीत!

बाबा, माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे समोरचं फार कमी दिसतं. तार दिसेपर्यंत उशीर होतो आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळत नाही. देशात मोकळ्या माळावर जेमतेम दीडशेच्या आसपास उरले असतील. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर.

पण इथे पिल्लंही जन्मतात. आपल्याकडे गायींना करतात तसं कृत्रिम रेतन करून ऑक्टोबर 2024 मध्ये इथल्या प्रजनन केंद्रात पहिलं पिल्लू जन्मलं. ही बातमी ऐकून मी रडले होते, तुम्हाला सांगितलं नव्हतं.

सायकलच्या दांडीवर बसवून बाबांनी मला सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर नेलं होतं. ज्वारीच्या धाटांपलीकडे मान ताठ करून चालणारा तो पक्षी मला अजून दिसतो. त्या माळावर आता तो दिसणं म्हणजे नशीब. इथे तसं होऊ द्यायचं नाही, म्हणून ही पायपीट.

बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेत तुमच्या नान्नजच्या वह्या आहेत. तारीख आणि किती पक्षी दिसले, एवढंच असलं तरी मला हवंय. पानांचे फोटो पाठवा. तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा.

आई, तुळशीच्या लग्नाला नक्की येते. शेंगाचटणी जरा जास्त कर, इथल्या सगळ्यांना आवडली.

तुमची,
छकुली