सुतारकामाला स्क्वेअर फुटाचा रेट लावू नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत फर्निचरवर लेख होता, त्यात कपाट करून घेताना स्क्वेअर फुटाचा रेट आधीच पक्का करा असं लिहिलंय. प्लायच्या किचन ट्रॉलीला ते ठीक आहे हो, पण सागाचं नाहीतर फणसाचं कपाट हाताने करून घेणाऱ्याला हा सल्ला देऊ नका, कारण त्या रेटमधे मेस्त्रीचं निम्मं काम धरलेलंच नसतं.

ते काम म्हणजे लाकूड ओळखणं. फळ्या मधे पट्ट्या घालून सावलीत वाळायला रचायच्या, इंचभर जाडीला साधारण वर्ष असा जुना हिशोब, मग एकेक फळी उलटसुलट बघायची, सरळ रेषेची चौकटीला, सुंदर रेषा असेल ती दर्शनी दाराला, गाठीची आत कप्प्याला. या निवडीत दोन दिवस गेले तर बघणाऱ्याला वाटतं मेस्त्री बसून आहे.

आपल्याकडे पावसात दारं फुगतात आणि मे महिन्यात फटी पडतात हे पोरासोरांनाही माहीत आहे. लाकूड लांबीत जवळपास हलतच नाही, रुंदीत हलतं, म्हणून जाणता मेस्त्री दाराचा दिला, म्हणजे चौकटीतली मधली फळी, खाचेत मोकळा बसवतो, कडांना गोंद लावत नाही, आणि फुगायला जागा ठेवतो. अजून एक गोष्ट मी बघितलीय, दिला चौकटीत घालायच्या आधीच तो कडेपर्यंत पॉलिश करून घेतो, नाहीतर उन्हाळ्यात दिला आकसला की खाचेतून कोऱ्या लाकडाची फिकट पट्टी बाहेर येते. फुटावर काम घेतलेला माणूस हे का करेल? तो दिला चारी बाजूंनी फेविकॉलने चिकटवून मोकळा होतो आणि असा दिला मधोमध तडकलेलाही मी बघितलाय. वर खिळे लोखंडी, आपल्या खाऱ्या हवेत ते किती टिकणार!

जेम्स क्रेनोव्ह (१९२०-२००९) नावाचा मोठा कारागीर होऊन गेला, स्वीडनमधे शिकला, १९८१ मधे कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या फोर्ट ब्रॅग गावात त्याने शिकवायला सुरुवात केली. आधी ड्रॉइंग आणि मग लाकूड असं त्याचं नव्हतं, हातातल्या फळीकडे बघून कपाटाचा आकार ठरवायचा. रंधे स्वतः लाकडाचे बनवायचा आणि कितीतरी कामांवर रंध्याचाच हात शेवटचा ठेवायचा, पॉलिश पेपर नाही. धारदार रंधा फिरवलेल्या फणसावरून हात फिरवून बघा, मग कळेल का ते. तो पिवळाधमक रंग पुढे वर्षानुवर्षं तांबूस तपकिरी होत जातो, त्यावर गडद स्टेन मारायला सांगणारे लोक बघितले की खरंच वाईट वाटतं.

हे परवडत नाही असं लोक म्हणतील आणि ते खरंही आहे, सगळं घर असं कोणालाच जमणार नाही. पण एक कपाट, एक देव्हारा तरी असा करून घ्या, मजुरी दिवसावर द्या, घाई करू नका. आयटीआयमधे सुतारकाम शिकणाऱ्या मुलांनाही मशिनच्या आधी रंध्याला धार लावणं आणि कुसू (सांध्यात खाचेत बसणारं लाकडाचं टोक) हाताने बसवणं नीट शिकवायला हवं, मशिन नंतर कधीही शिकता येतं.

तुम्हाला विनंती एवढीच, पुढच्या पुरवणीसाठी वार्ताहराला सावंतवाडी-कुडाळकडे एखाद्या मेस्त्रीच्या सुतारशाळेत, म्हणजे त्याच्या कामाच्या जागी, पाठवा आणि रेट विचारायच्या आधी त्याने फळ्या कशा निवडल्या ते विचारून सविस्तर छापा.

आपला एक वाचक,
जि. सिंधुदुर्ग