एन्झाइमचा नमुना वाटेतच बिघडतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोट फुगलेले, प्लीहा बेंबीपर्यंत वाढलेली, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही घसरलेले असे मूल आले, की हल्ली बालरोगतज्ज्ञ गौचर आजाराची (बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम कमी पडल्याने होणाऱ्या दुर्मीळ आनुवंशिक आजाराची) शंका घेतात. ही फार चांगली गोष्ट आहे. ती शंका खरी की खोटी हे रक्तातील पांढऱ्या पेशींत हे एन्झाइम मोजून ठरते, आणि त्यासाठी सोलापूरचा नमुना बहुतेक वेळा बाहेरगावी जातो. आमचे सांगणे या प्रवासाबद्दल आहे.

तपासणी कशी होते ते आधी थोडक्यात. डेक्स्ट्रान नावाचे द्रव्य घालून तांबड्या पेशी खाली बसवतात, वर राहिलेल्या तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडने फोडतात. सेंट्रिफ्यूजमधून काढले की नळीच्या तळाशी पांढऱ्या पेशींचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा उरतो. तो सलाइनने धुऊन, बर्फात ठेवून फोडतात आणि त्या द्रावात एक कृत्रिम द्रव्य घालतात. एन्झाइम जिवंत असेल तर ३७ अंशांवर ते द्रव्य तुटते आणि त्यातून ४-मिथिलअंबेलिफेरोन सुटते. अल्कलाइन बफर घालून क्रिया थांबवली, की हे मिथिलअंबेलिफेरोन ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात निळे चमकते. ती चमक मोजायची आणि द्रावातल्या प्रथिनाने भागायचे. म्हणून रिपोर्टवर ‘दर तासाला, दर मिलिग्रॅम प्रथिनामागे इतके नॅनोमोल’ असे लिहिलेले असते.

सगळी गोम या भागाकारात आहे. गोळा पांढरा हवा. तो गुलाबी राहिला तर हिमोग्लोबिनचे प्रथिन छेदात धरले जाते, शिवाय हिमोग्लोबिन चमकही गिळते. अंश घटतो, छेद वाढतो आणि निरोगी मुलाचा आकडाही कमी दिसतो. शिळ्या, ऊन लागलेल्या रक्तात हेच घडते. पांढऱ्या पेशी मरून चिकटतात, नीट वेगळ्या होत नाहीत आणि एन्झाइमही हळूहळू मरते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो. दुचाकीच्या डिकीत तासभर राहिलेल्या नळीचे काय होत असेल, याचा विचार प्रत्येक कलेक्शन सेंटरने करावा.

म्हणून बर्फात पुरून पाठवावे, असेही नाही. उलट ती जास्त मोठी चूक आहे. रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात, मग वेगळे करायला काही उरतच नाही. नळी आणि थंड पॅक यांच्यामध्ये घडी केलेले वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा हवाच. काही प्रयोगशाळा ४ ते ८ अंश मागतात, काही साधे खोलीचे तापमान. नमुना घेण्याआधी फोन करून विचारावे. हिरव्या टोपणाची हेपरिन नळी की जांभळ्या टोपणाची ईडीटीए (दोन्हींत रक्ताची गुठळी होऊ न देणारे द्रव्य असते), हेही त्याच फोनवर विचारावे. रक्त साधारण ५ मिली लागते, तान्ह्या बाळाचे ३. ते २४ तासांत पोचावे. शनिवारी काढलेला नमुना रविवारभर कुरिअरच्या गोदामात पडून राहतो. त्यापेक्षा सोमवार ते गुरुवार संध्याकाळी काढावा. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच वेळी, त्याच प्रकारच्या नळीत एका निरोगी, नात्यात नसलेल्या व्यक्तीचे रक्त काढून त्याच डब्यातून पाठवावे. दोन्ही आकडे कमी आले तर दोष प्रवासाचा आहे, मुलाचा नाही. त्याच नमुन्यात बीटा-गॅलॅक्टोसिडेजसारखे दुसरे एखादे एन्झाइम मोजले का, हेही पालकांनी रिपोर्ट हातात घेताना विचारावे. ते नॉर्मल आणि फक्त बीटा-ग्लुकोसिडेज कमी, तरच निदानाला अर्थ आहे.

वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्याचे कार्ड पाठवायला सोपे, पण ते प्राथमिक चाळणीपुरतेच. कार्ड आडवे ठेवून सावलीत ३-४ तास वाळवावे, उन्हात किंवा हेअर ड्रायरने नव्हे. ठिपक्यात एन्झाइम कमी आले तर पांढऱ्या पेशींत पुन्हा मोजलेच पाहिजे.

तांबड्या पेशींतील एन्झाइमची गोष्ट वेगळी. जी-६-पीडी (हे कमी असले की तांबड्या पेशी सहज फुटतात) किंवा गॅलॅक्टोसेमिया या दुधातली साखर न पचवता येणाऱ्या आजारासाठीचे गॅल्ट हे एन्झाइम मोजायचे असेल तर रक्ताची पिशवी लावण्याआधी नमुना घ्यावा. नंतर घेतला तर दात्याच्या पेशींचा आकडा हाती येतो आणि खरे उत्तर कळायला तीन-चार महिने थांबावे लागते. जी-६-पीडीत तांबड्या पेशी नुकत्याच फुटलेल्या असतानाही रिपोर्ट फसवा नॉर्मल येऊ शकतो, कारण त्या वेळी उरलेल्या तरुण पेशींत हे एन्झाइम जास्त असते.

एवढा आग्रह कशासाठी? २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यातील एक उत्कृष्टता केंद्र आहे. पण त्यासाठी निदान पक्के लागते. दुसरे कारण घराघरातले आहे. मामाची किंवा आत्याची मुलगी सून म्हणून आणण्याची रीत आपल्याकडे आजही आहे. आईवडील दोघे वाहक (स्वतः निरोगी, पण आजाराचे सदोष जनुक बाळगणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पुढच्या खेपेला ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश तपासता येतो, पण काय शोधायचे हे पहिल्या मुलाच्या रिपोर्टवरूनच कळते. म्हणून मूल अत्यवस्थ असले तरी डॉक्टरांनी दोन नळ्या काढून ठेवाव्यात, हात जोडून विनंती. हेपरिनची त्याच रात्री रवाना करावी. ईडीटीएची डीएनएसाठी आहे, ती गोठवली तरी चालते.

आपले,
प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर