वकिलाच्या प्रतिज्ञापत्रात नसलेला रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनहित याचिका चालवणारा एखादा वकील निवडणुकीला उभा राहणार अशी कुणकुण लागली, की आमच्या जळगाव जिल्ह्यात बोलणे हटकून ॲड. उज्ज्वल निकम यांच्यावर येते. ते साहजिकही आहे. जळगावच्या न्यायालयात वकिली सुरू केलेला हा माणूस १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या आणि २६/११ च्या खटल्यांमुळे देशभर माहीत झाला, २०२४ मध्ये उत्तर मध्य मुंबईतून लोकसभेला पराभूत झाला आणि २०२५ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेला. परंतु ते सरकारी वकील. त्यांनी बाजू मांडली ती सरकारची. जनहित याचिकेत बहुधा सरकारच समोरच्या बाजूला असते आणि वकिलामागे उभी असतात ती फी देण्याची ऐपत नसलेली माणसे. दोघांना एकाच मापाने मोजण्यात गल्लत होते.

ही माणसे वकिलाची मतपेढीही नसतात. १९७९ मध्ये ॲड. पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी बिहारमधील कच्च्या कैद्यांसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. दोषी ठरले असते तरी जेवढी शिक्षा झाली नसती, तेवढा काळ खटल्याविना तुरुंगात काढलेले कैदी त्या प्रकरणामुळे सुटले. मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगातल्या माणसाला मतदानच करता येत नाही. मेधा पाटकर वकील नव्हेत, पण त्यांचीही तीच गत झाली: नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडितातील धडगाव-अक्कलकुव्याच्या गावांसाठी आयुष्य वेचले आणि २०१४ मध्ये मते मागितली ती ईशान्य मुंबईत. तिथल्या मतदाराला नर्मदेचे पाणी कुठवर चढले याच्याशी काय देणेघेणे असणार?

या संदर्भात मला ॲड. हरविंदरसिंग फुलका यांचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. १९८४ च्या दिल्लीतील शीखविरोधी हत्याकांडातील पीडितांची बाजू त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ मांडली. २०१४ मध्ये ते लुधियानातून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. २०१७ मध्ये दाखा मतदारसंघातून पंजाब विधानसभेत गेले आणि विरोधी पक्षनेते झाले. हे पद कॅबिनेट मंत्र्याच्या दर्जाचे असल्याने ते सांभाळून न्यायालयात उभे राहता येणार नाही, अशी भूमिका दिल्लीच्या बार कौन्सिलने घेतली, तेव्हा काही महिन्यांतच त्यांनी पद सोडले आणि खटले धरले. पुढे आमदारकीचाही राजीनामा दिला, तो मात्र वेगळ्या कारणासाठी. त्याच हत्याकांडाच्या एका खटल्यात १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेसचे माजी खासदार सज्जन कुमार यांना जन्मठेप सुनावली. विरोधी पक्षनेतेपद सहजासहजी कोणी सोडत नाही, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांना वकिली करण्यास मज्जाव नाही, असे स्पष्ट केले, त्यामुळे कायद्याची अडचण बरीचशी दूर झाली आहे. वेळेची अडचण राहतेच. आमच्या चोपड्याहून छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात तारखेला जायचे म्हणजे रात्रीच निघायचे, अजिंठ्याचा घाट चढायचा, आणि प्रकरण बोर्डावर असूनही संध्याकाळपर्यंत पुकाराच न झाल्यास हात हलवत परतायचे. गिरणेच्या वाळूउपशाबद्दल असो वा पीकविम्याबद्दल, अर्जदाराला त्या दिवशी एकच आधार असतो, तो म्हणजे मागची सगळी तारीखवार हकीकत तोंडपाठ असलेला आपला वकील. तो प्रचारात अडकला की कनिष्ठ सहकारी येतो, मुदत मागतो आणि आणखी चार महिने जातात. वकिलांनी राजकारणात येऊ नये असे मी म्हणत नाही. याच जळगावच्या न्यायालयात वकिली केलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये आमदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. शिवाय कोर्टातली लढाई जिंकूनही आदेशाची अंमलबजावणी होत नाही, हे वर्षानुवर्षे पाहिलेल्या वकिलाला आपणच सभागृहात जावे असे वाटणे अगदी समजण्यासारखे आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. उमेदवाराने आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे जाहीर करावेत, हा दंडक आपल्याला मिळाला तो २००२ मध्ये, तोही एका जनहित याचिकेतूनच. याच वाटेने आलेल्या वकिलाने त्या प्रतिज्ञापत्रासोबत आणखी एक पान स्वखुशीने प्रसिद्ध करावे. आपल्याकडे आज किती जनहित याचिका प्रलंबित आहेत, त्यांपैकी किती आपण स्वतः चालवणार, आणि उरलेल्यांचे वकीलपत्र कोणाकडे जाणार, हे त्यात नावानिशी असावे. ज्या पक्षाचे तिकीट घेतले त्या पक्षाच्या सरकारविरुद्ध एखादी याचिका असेल, तर तिचे काय होणार हेही लिहावे. खरी परीक्षा तिथेच आहे. कोणत्याही नियमाची वा आयोगाच्या परवानगीची त्यासाठी गरज नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील वकील संघांनी मनावर घेतले, तर येत्या निवडणुकीपूर्वी असा एक साधा नमुना तयार होऊ शकतो.

आपला,
एक वाचक
चोपडा, जि. जळगाव