रातथाऱ्यावरचा नेम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकाची नासाडी करणारे कावळे आणि कबुतरं संध्याकाळी मुक्कामाच्या झाडांवर, म्हणजे रातथाऱ्यावर, उतरताना टिपावीत, कारण तिथे ती ‘आयती शेकड्यांनी मिळतात’, असं एका वाचकाने आपल्या पत्रव्यवहारात सुचवलं आहे. मिळतात, हे खरं. विशीत असताना सलग तीन हिवाळे मी हेच केलं आहे, म्हणून लिहितो.

दिवस निवडायचा तो भन्नाट वाऱ्याचा. वाऱ्यात बंदुकीच्या बाराचा आवाज विरतो, पाखरं खालून येतात आणि वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. खोडाला पाठ टेकून, चेहऱ्याला फडकं बांधून बसायचं. वर पाहणारा उघडा चेहरा त्यांना झटकन दिसतो. कबुतरं आधी येतात, दाण्यांनी गळा टच्च भरून. जमिनीवर आपटलं की कधीकधी तो गळा फुटतो आणि दाणे पसरतात. कावळे फार सावध. ते आधी भलत्याच झाडावर जमतात, तिथे त्यांची कलकल चालते आणि रातथाऱ्यावर येतात ते अगदी अंधारून आल्यावर. पहिला बार झाला की उरलेले छऱ्याच्या टप्प्याबाहेर वर घिरट्या घालत राहतात.

अडचण उजेडाची आहे. आकाशासमोर काळी आकृती स्पष्ट दिसते, पण ती वीस पावलांवर आहे की पन्नास, हे कळत नाही. लांबून मारलेले छरे जीव घेत नाहीत, नुसते पंख मोडतात. एका संध्याकाळी मी चौदा काडतुसं उडवली. सहा पाखरं पडताना मोजली, विजेरी घेऊन शोधली तेव्हा चार सापडली. पाचवा कावळा दुसऱ्या दिवशी सकाळी झुडपाखाली दिसला. जिवंत होता, चोच वासलेली. वर तीसेक कावळे माझ्या नावाने ओरडत होते. सहाव्याचं काय झालं, देव जाणे. (त्यानंतर कित्येक महिने त्या रस्त्याने गेलो की कावळे डोक्यावर यायचे. मी हा योगायोग समजत होतो. पुढे अमेरिकेतले शास्त्रज्ञ जॉन मार्झलफ यांच्या प्रयोगाविषयी वाचलं. ज्या मुखवट्याने २००६ मध्ये कावळे पकडले, तोच मुखवटा घालून कोणी फिरलं की कावळे वर्षानुवर्षं त्याच्यावर कलकलाट करत होते.)

शिवाय, रातथाऱ्यावर उतरणारं पाखरू तुमच्याच शेतातून आलं असं तुम्हाला कोण सांगतं? ती दहा दिशांनी, कोसभर लांबूनही येतात. त्यातला कोण दाणे टिपून आला आणि कोण दिवसभर अळ्या वेचत होता, हे नळीतून दिसत नाही.

आणि एवढं करून संख्या घटते का? इंग्लंडमध्ये रानकबुतरांच्या हिवाळी मुक्कामांवर अशी सामूहिक शिकार होत असे, सरकार काडतुसांना अनुदानही देई. पक्षिशास्त्रज्ञ आर. के. मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की हिवाळ्यात अन्न कमी पडून तितकी कबुतरं तशीही मरतातच. काही गोळीने मेली, तर त्यांच्या वाटचं उरलेल्यांना मिळतं. वसंतात आकडा तोच. अमेरिकेत तर १९३० आणि ४० च्या दशकांत कावळ्यांच्या रातथाऱ्यांवर डायनामाइट उडवला गेला. तिथे कावळे आजही भरपूर आहेत.

पीक वाचवायचं तर पेरणीच्या आणि दाणा भरण्याच्या दिवसांत, भर उजेडात, शेतातच उभं राहावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, मलाही आवडत नसे.

त्या वाचकाने एकदा बंदूक घरी ठेवून रातथाऱ्याखाली जाऊन बसावं. शेवटचा कावळा उतरल्यापासून जमिनीवरचं काळं पाखरू दिसेनासं होईपर्यंत किती वेळ मिळतो, तो घड्याळावर मोजावा. माझ्या घड्याळात तो अकरा मिनिटं भरला होता.

आपला,
एक जुना वाचक