मोबाईलवरचे प्रशिक्षण कामाच्या वेळेतच व्हावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोबाईलमुळे शिक्षण स्वस्त झाले आणि हाताशी आले, याबद्दल आता दुमत उरलेले नाही. परंतु नोकरीच्या ठिकाणचे प्रशिक्षण मोबाईलवर आल्यापासून त्यासाठी लागणारा वेळ कोणाचा खर्च होतो, हे पुणे परिसरातील उद्योगांनी तपासून पाहिलेले दिसत नाही. भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांच्या प्रशिक्षण विभागांत बरीच वर्षे काम केल्यामुळे त्याविषयी लिहीत आहे.

२००३ साली सुरू झालेल्या ‘एनपीटीईएल’ या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाची व्याख्याने संगणकासमोर बसून तासभर ऐकायची असत. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईल डेटा झपाट्याने स्वस्त झाला, २०१७ मध्ये ‘स्वयम्’ व ‘दीक्षा’ हे सरकारी ऑनलाइन शिक्षणमंच आले, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड दिसू लागले आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीने तर सगळा वर्गच हातातल्या पडद्यावर आणून ठेवला. कारखान्यांनीही हीच वाट धरली.

पूर्वी सुरक्षिततेच्या किंवा गुणवत्तेच्या वर्गासाठी माणसे लाइनवरून सोडवून घ्यावी लागत आणि त्यावरून प्रशिक्षण व उत्पादन या दोन विभागांत दर महिन्याला खडाजंगी होत असे. मोबाईलने हे भांडण मिटवले खरे, पण वर्गच कामगाराच्या घरी पाठवून! दुसऱ्या पाळीचा कंत्राटी कामगार कंपनीच्या बसमधून मध्यरात्री मोशीच्या किंवा आळंदीच्या खोलीवर पोहोचतो, तेव्हा ‘मोड्यूल (म्हणजे मोबाईलवरचा प्रशिक्षणाचा धडा) उद्यापर्यंत पूर्ण करा’ असा संदेश त्याची वाट पाहत असतो. फोन त्याचा, डेटा पॅक त्याचा आणि झोपही त्याचीच. अनेक कारखान्यांत फोन प्रवेशद्वारापाशीच जमा करून घेतात, त्यामुळे कामाच्या वेळेत तो धडा पाहण्याची सोयही नसते. मग चित्रफीत आवाज बंद करून चालू ठेवली जाते, प्रश्नांची उत्तरे ग्रुपवर आयती मिळतात आणि ऑडिटरसमोर शंभर टक्के पूर्ततेचा तक्ता मांडला जातो. प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रावर, डाय (साचा) बदलताना वीजपुरवठा बंद करून त्याच्या स्विचला कुलूप कसे लावायचे, हे त्या शंभर टक्क्यांतील किती जणांना करून दाखवता येईल, हा प्रश्न त्या तक्त्यात नसतो.

याचा अर्थ मोबाईल नको, असा मुळीच नाही. तिसऱ्या पाळीत यंत्र अडले असता त्यावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करून दोन मिनिटांची मराठी चित्रफीत पाहता येणे, हे सुपरवायझरच्या कपाटात बंद असलेल्या जाडजूड फायलीपेक्षा कितीतरी उपयोगी आहे (त्या कपाटाची किल्ली रात्री कधीच सापडत नसे). नवी माहिती देणे आणि जुनी उजळवणे, ही दोन्ही कामे मोबाईल उत्तम करतो. हाताला वळण लावण्याचे काम मात्र त्याचे नव्हे. ‘एनपीटीईएल’चे अभ्यासक्रम घरबसल्या विनामूल्य पाहता येत असले, तरी प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन परीक्षा द्यावी लागते. पुस्तकी विषयांत जर ही खबरदारी घेतली जाते, तर प्रेस आणि क्रेन चालवणाऱ्यांच्या बाबतीत घरी दाबलेल्या बटणावर विसंबण्याचे कारण काय?

आरोग्य व सुरक्षिततेचे प्रशिक्षण शक्य तेथे कारखान्यातच मिळणे हा कामगाराचा हक्क असल्याचे १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने नमूद केले गेले होते. तेव्हा मोबाईल नव्हता. पण प्रशिक्षण ही मालकाची जबाबदारी आहे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

मराठा चेंबर या पुण्यातील उद्योगांच्या संघटनेने आपल्या सभासद उद्योगांपुढे निदान तीन गोष्टी ठेवाव्यात, अशी विनंती आहे. सक्तीचे प्रत्येक मोड्यूल पाळीच्या वेळेतच आणि कंपनीच्या टॅबवर दाखवावे. कंत्राटी कामगारांनाही त्यात धरावे. आणि धोक्याच्या कामांत फोरमनने यंत्रापाशी उभे राहून ते काम करवून घेतल्याशिवाय आणि त्यावर स्वतःची सही केल्याशिवाय ‘पूर्ण’ अशी नोंद करू नये. यात उत्पादनाची काही मिनिटे जातील आणि ती कंपनीच्याच हिशेबात धरली जावीत.

आपला,
एक निवृत्त प्रशिक्षण अधिकारी, पुणे