माउंट पिलाटसची ठरलेली ट्रेन न दिल्याबद्दल तक्रार

सातारा
दि. 14 ऑक्टोबर 2024

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सातारा शाखा

विषय : सप्टेंबरच्या युरोप सहलीतील स्वित्झर्लंडमधल्या पिलाटस-ल्युसर्नच्या दिवसाबाबत

महोदय,

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये 33 वर्षं मेकॅनिक होतो. आपल्या सहलीत नाव घातलं ते एका ओळीसाठी, आणि पैसे भरतानाच मी तसं आपल्या काउंटरवर सांगितलं होतं. छापील कार्यक्रमात ती ओळ अशी आहे : 'ल्युसर्नहून बोटीने आल्पनाखश्टाड, तिथून कॉगव्हील ट्रेनने माउंट पिलाटस, उतरताना केबल कार, नंतर ल्युसर्न शहर पायी.' त्यातली फक्त केबल कार मिळाली.

बसने आम्हाला थेट क्रीन्सला, म्हणजे केबल कारच्या खालच्या स्टेशनला नेलं. केबल कारनेच वर आणि केबल कारनेच खाली. टूर मॅनेजरना विचारलं, तर म्हणाले, "काका, वर जातोय ना? कशाने गेलो त्याने काय फरक पडतो?"

फरक पडतो, साहेब. 1889 साली सुरू झालेली ही जगातली सर्वांत खड्या चढाची दातेरी रेल्वे आहे. चढ जास्तीत जास्त 48 टक्के, म्हणजे आडवं शंभर मीटर जाताना अठ्ठेचाळीस मीटर वर. आपल्या माथेरानच्या गाडीचा चढ विसाला एक, म्हणजे पाच टक्के, तरी तिला किती वळसे घ्यावे लागतात! पिलाटसच्या चढावर नेहमीसारखं वरून दात्यांत बसणारं चाक दाते सोडून वर निसटायची भीती. म्हणून लोखर या इंजिनिअरने मधल्या पट्टीला दोन्ही अंगांनी दाते काढले आणि गाडीखालची आडवी चाकं त्या पट्टीला दोन्हीकडून धरतील अशी रचना केली. सव्वाशेहून जास्त वर्षं ती गाडी याच युक्तीवर चढते आहे. जन्मभर गिअरबॉक्स उघडले, पण असे दाते कधी हाताखालून गेले नव्हते. ते चालताना बघायचे होते, त्यांचा आवाज बसल्या जागेवरून ऐकायचा होता.

ट्रेन बंद असती तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. पण वर स्टेशनात गेलो तर लाल डबा समोर येऊन उभा राहिला. वाकून पाहिलं. पट्टीचे दाते ग्रीसने काळे, आणि जिथे चाक घासतं तेवढीच कड नव्या बेअरिंगसारखी चकचकीत. दहा मिनिटं मी तिथेच उभा होतो. खिडकीवर विचारलं, खाली जायच्या गाडीत जागा होती. स्वतःच्या पैशाने जातो म्हटलं, तर बस क्रीन्सला उभी आहे म्हणून मॅनेजरनी नाही सांगितलं. त्यांचंही खरं, पण बस तिथे कोणी उभी केली?

ल्युसर्नला पोचलो तेव्हा हातात दीड तास होता. त्यातला सव्वा तास घड्याळांच्या दुकानात गेला. आमच्या सौभाग्यवतींनी चॅपल ब्रिजसाठी वही-पेन्सिल बरोबर घेतली होती. तो चौदाव्या शतकातला लाकडी पूल, छताखालची त्रिकोणी चित्रं, ऑगस्ट 1993 च्या आगीत त्यातली बहुतेक जळाली आणि पुढच्याच वर्षी पूल पुन्हा उभा केला, हे सगळं त्यांनी वाचून ठेवलं होतं. पूल दुकानापासून चालत काही मिनिटांवर. त्यांनी तो बसच्या काचेतून पाहिला. कड्यात कोरलेला सिंह तर नाहीच. वही कोरी परत आली, याचं मला ट्रेनपेक्षा जास्त वाईट वाटतं.

फोनवर आपल्याकडून सांगण्यात आलं की 'कार्यक्रमात बदल होऊ शकतो' असं अटींमध्ये आहे. ती अट पावसाची, संपाची, दरड कोसळण्याची. त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, बोटी चालू होत्या, ट्रेन चालू होती. तिकिटंच काढलेली नव्हती, आणि हे सहल निघण्याआधीपासून आपल्याला माहीत असणार. तेव्हाच सांगितलं असतं तर मी दुसरी तारीख घेतली असती.

बोट व ट्रेनच्या भाड्याचा फरक दोघांचा हिशेबासह परत मिळावा, आणि ट्रेन देणार नसाल तर ती ओळ पुढच्या छापील कार्यक्रमातून काढावी. उत्तर 15 दिवसांत लेखी हवं, फोन नको. न आल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. छापील कार्यक्रम, पावती आणि वरच्या स्टेशनात उभ्या असलेल्या ट्रेनचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
(सही)