मिलानहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत ना की त्या म्युझियममधे सारखी काय बघायला जातेस, तेव्हा घाईत धड सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. ब्रेरा म्युझियममधे मांतेन्या नावाच्या इटालियन चित्रकाराचं एक चित्र आहे, मेलेल्या ख्रिस्ताचं, साधारण १४८० च्या आसपासचं. तसं छोटंच, ६८ बाय ८१ सेंटीमीटर, पण समोरून हलवत नाही. येशूला दगडावर निजवलंय आणि आपण त्याच्या पायाशी उभे, तळवे अगदी आपल्याकडे, खिळ्यांच्या जखमा सुकलेल्या, रक्त नाही काही नाही. खरं तर इतक्या जवळून पाय केवढेतरी मोठे दिसायला हवेत आणि चेहरा त्यांच्यामागे जायला हवा, पण त्याने पाय मुद्दाम लहान काढलेत त्यामुळे नजर चेहऱ्यापर्यंत पोचते. सगळे या कसबाबद्दलच बोलतात.

मी मात्र डाव्या कडेला अडकते. तिथे मारिया आहे, येशूची आई, आणि ती म्हातारी आहे! कपाळावर, गालावर सुरकुत्या, रडून वाकडा झालेला चेहरा, रुमालाने डोळा पुसतेय, आपली आजी पदराने पुसायची अगदी तशी. रोमला व्हॅटिकनमधे मायकेलअँजेलोचा पिएता आहे, मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेल्या आईचं शिल्प, त्यातली मारिया मुलाहूनही तरुण दिसते, सुंदर आहेच ते शिल्प, पण तिशीतल्या मुलाची आई अशी कुठे असते? मांतेन्याने आईचं वय लपवलं नाही, आणि म्हणून तिचं दुःख मला जास्त खरं वाटतं.

मांतोवा शहरावर राज्य करणाऱ्या गोन्झागा घराण्याचा मांतेन्या दरबारी चित्रकार, तिथे गेल्यावर मरेपर्यंत त्यांची कामं केली, पण १५०६ मधे वारला तेव्हा असं एक ख्रिस्ताचं चित्र त्याच्याकडेच होतं, बरेच जाणकार म्हणतात ते हेच. मला तर वाटतं स्वतःसाठीच काढलं असणार.

आई, व्हिडिओ कॉलवर तू फोन पंख्याकडे धरतेस, म्हणतेस काय बघायचंय आता माझ्या तोंडात. आणि बाबांच्या मोतीबिंदूचं मला ऑपरेशन झाल्यावर कळलं. मी काळजी करीन म्हणून सांगत नाही हे कळतं गं, पण इथे बसून मी तुमचे जुनेच चेहरे डोळ्यासमोर आणते आणि ते मला नकोय, मला आत्ताचे तुम्ही हवे आहात, पिकलेल्या केसांसकट. पुढच्या कॉलला खिडकीजवळ बसा दोघं, तिथे उजेड चांगला येतो. आणि गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो पाठव आधी.

तुमची,
लेक